दांडा कापला म्हणून घणाची हातोडी होत नाही : मोठ्यांचे गोल्फ क्लब मुलांसाठी कापण्याआधी

माळ्यावर जुनी गोल्फची बॅग पडलेली असते. आजोबा लष्करात होते, नाहीतर काका क्लबचे मेंबर होते. कुणाच्या वडिलांना कॅडीचं काम करताना एखाद्या साहेबाने वापरलेले दोन-चार क्लब दिलेले असतात. सात-आठ वर्षांचं पोर एक दिवस ती बॅग खाली ओढतं आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "नवीन कशाला घ्यायचे? हेच कापून देऊ की."

वडिलांची पँट आल्टर करून मुलाला घालणाऱ्या घरांत हा विचार येणं साहजिकच आहे. पण पँट कापली की कापड कमी होतं, वजनही कमी होतं. गोल्फ क्लबचं तसं नाही. त्याचं खरं वजन खालच्या डोक्यात, म्हणजे हेडमध्ये असतं. वरचा दांडा कितीही छाटला तरी हेड आहे तेवढंच राहतं. लोहाराच्या घणाचा दांडा कापला तर आखूड दांड्याचा घण मिळतो, हातोडी नव्हे.

आपल्या मराठी वस्तीच्या शहरांना गोल्फ नवा नाही. बडोद्यात लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात मैदान आहे, हैदराबादेत गोवळकोंड्याच्या किल्ल्याला लागून आहे. छावणीच्या गावांतही हा खेळ जुना. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये बेंगळुरूची अदिती अशोक चौथी आली, पुण्याचा उदयन माने पुरुषांत खेळला. तेव्हापासून मुलांना मैदानावर न्यावं असं वाटणारे पालक वाढले असतील, तर नवल नाही. पण मुलांचा नवा सेट काही स्वस्त नसतो. म्हणून क्लब कापणं चूक नाही. कुठला कापायचा आणि किती, एवढं मात्र आधी कळायला हवं.

कापल्यावर नेमकं काय होतं?

मोठ्यांचा स्टीलचा सात नंबरचा आयर्न घ्या. लांबी साधारण ३७ इंच. हेड २७० ग्रॅमच्या आसपास, शाफ्ट म्हणजे दांडा ११० ग्रॅम आणि रबरी ग्रिप ५० ग्रॅम. सगळं मिळून ४३० ग्रॅम. चार फूट उंचीच्या मुलासाठी त्यातले आठ-नऊ इंच जातात. लहान ग्रिप बसवली तरी एकूण वजन जेमतेम ५० ग्रॅमने उतरतं. दांडा आखूड झाल्याने क्लब फिरवायला थोडा सोपा होतो, हे खरं. पण तो बनवलाय ७० किलोच्या माणसासाठी, आणि धरणार आहे २२-२५ किलोचं मूल.

दुसरी गोष्ट कडकपणाची. क्लबचा दांडा फिरवताना किंचित लवतो आणि बॉलला फेकायला मदत करतो. तोच दांडा आखूड झाला की लवत नाही, सळईसारखा ताठ होतो. आखूड पट्टी वाकवायला लांब पट्टीपेक्षा जास्त जोर लागतो, त्यातलाच हा प्रकार. मुलाच्या हातात मग बॉलची फेक न येता फक्त झिणझिण्या येतात.

तिसरी गोष्ट ग्रिपची. मोठ्यांची ग्रिप मुलाच्या मुठीत मावत नाही. बोटं पुरती वळत नाहीत, क्लब निसटतो, मग मूल जीव खाऊन आवळून धरतं. वजनदार क्लब पेलायला ते कमरेतून मागे झुकतं, खांदे वर घेतं. ही सवय एकदा अंगात भिनली की पुढे कोचलाही काढताना घाम फुटतो. बरीच मुलं मात्र तिथवर पोचतच नाहीत. बॉल उडत नाही, हात दुखतात, आणि महिन्याभरात "मला नाही खेळायचं" सुरू होतं. पालकांना वाटतं, पोराला आवडच नाही.

इथे कुणीतरी सेव्हे बायेस्तेरोसचा दाखला देतो. स्पेनमधल्या शेतकरी घरातला हा मुलगा जुन्या तीन नंबरच्या आयर्नवर समुद्रकिनारी खेळत शिकला आणि पुढे पाच मोठ्या स्पर्धा जिंकला. आपल्याकडे चेंबूरच्या वस्तीत कॅडीचं काम करणाऱ्या पोरांनी बांधकामाची सळई वाकवून क्लब केले आणि गल्लीत प्लास्टिकच्या बॉलवर डाव मांडला. जिद्दीला साधनं अडवत नाहीत, हे मान्य. पण हातात पर्याय असताना मुलाला मुद्दाम अवघड साधन का द्यायचं?

कुठला क्लब कापावा?

बाईमाणसांचा किंवा वयस्कर खेळाडूंचा ग्रॅफाइट दांड्याचा सेट मिळाला तर तोच घ्यावा. त्याचा दांडा ५० ते ७० ग्रॅमचा आणि मुळात जास्त लवणारा असतो. जड स्टीलचा पुरुषांचा सेट हा शेवटचा पर्याय.

ड्रायव्हरला हात लावू नये. त्याचा चेहरा जवळजवळ उभा असतो. मुलाच्या फिरकीला वेग कमी, त्यामुळे बॉल जमिनीवरून सरपटत जातो. त्यापेक्षा पाच किंवा सात नंबरचा वूड बरा. त्याचं हेड आयर्नपेक्षा हलकं असतं आणि चेहरा मागे कललेला असल्याने बॉल सहज उठतो. तीन-चार नंबरचे आयर्नही नकोत. सात नंबरचा एक, नऊ नंबरचा एक आणि पटर, एवढ्यावर सुरुवात होते. नियमाने १४ क्लब नेता येतात, पण लहान मुलाला चार पुरतात. पटर कापायला सगळ्यात सोपा, कारण तो जोरात फिरवायचाच नसतो.

माप आणि कापणी

उंचीच्या तक्त्यापेक्षा मूल समोर उभं करून घेतलेलं माप खरं. त्याला खेळायच्या पवित्र्यात उभं करा, हात सैल सोडू द्या. क्लबचा तळ जमिनीवर सपाट टेकलेला हवा. वरच्या हाताची मूठ जिथे येते त्याच्या इंच-दीड इंच वर खूण करा. वाढत्या वयाचा विचार करून फार तर आणखी एक इंच ठेवा. चार इंच वाढीव ठेवले तर क्लबचं टोक वर उचललं जातं आणि उजव्या हाताने खेळणाऱ्या मुलाचा बॉल डावीकडे जायला लागतो.

कापायचं नेहमी ग्रिपच्या बाजूने. जुनी ग्रिप ब्लेडने चिरून काढा, पातं अंगापासून लांब चालवा. स्टीलचा दांडा प्लंबरच्या पाईप कटरने किंवा हॅक्सॉ ब्लेडने कापला जातो. उद्यमबागेतल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये हे पाच मिनिटांचं काम. ग्रॅफाइटला पाईप कटर लावू नये, तो चिरडतो. खुणेवर टेप घट्ट गुंडाळून बारीक दातांच्या ब्लेडने हळू कापावं, तोंडावर मास्क हवा, कारण ती भुकटी श्वासात जाणं बरं नाही. व्हाइसमध्ये धरताना मध्ये रबर किंवा जाड कापड ठेवावं. कापलेली कड कानशीने घासून घ्यावी.

मग दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून, त्यावर टर्पेंटाइन शिंपडून नवी ग्रिप सरकवायची. हे काम गॅसजवळ करू नये. ग्रिप मुलांच्या मापाचीच मागवावी. कापलेला दांडा वर थोडा बारीक असतो, त्यावर मोठ्यांची ग्रिप सैल बसते. रात्रभर वाळू द्यावं.

शेवटची तपासणी सगळ्यात महत्त्वाची. जुन्या क्लबमध्ये हेड आणि दांड्याच्या जोडातलं चिकटद्रव्य सुटलेलं असू शकतं. हेड धरून पिळून, ओढून पाहा. जरा जरी हललं तर तो क्लब मुलाच्या हाती देऊ नका. फिरवताना निसटलेलं लोखंडी हेड कुणाच्या डोक्यात जाईल, सांगता येत नाही.

जमलं की नाही, कसं ओळखावं?

मुलाला एका हाताने ग्रिपचं टोक धरून क्लब समोर खांद्याच्या उंचीवर आडवा धरायला सांगा. दहा आकडे मोजेपर्यंत हेड खाली झुकलं तर क्लब जड आहे. मग तो तसाच ठेवा, वर्षभराने पुन्हा बघा. पाच-सहा वर्षांच्या मुलाला पटर सोडून कुठलाच कापलेला क्लब या परीक्षेत पास होणार नाही, असं धरून चाला. त्या वयात हलक्या हेडचा, मुलांसाठीच बनवलेला एकच क्लब घ्यावा. सेकंडहँड मिळाला तरी चालेल. मुलांचे क्लब झिजण्याआधी लहान होतात, त्यामुळे मैदानावर विचारलं तर कुणाच्या तरी घरी पडून असतो.

आणि सगळी बॅग एका रविवारी कापायला घेऊ नये. कापलेला दांडा पुन्हा नीट जोडता येत नाही. आधी सात नंबरचा एकच कापा, महिनाभर पोराला खेळू द्या. ते स्वतःहून "चला मैदानावर" म्हणालं, तर दुसऱ्या क्लबला ब्लेड लावा.