तोफा सोडून पाण्यामागे लागलेला कॉटली

कंपनी सरकारच्या फौजेतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांपैकी मला सर्वांत जास्त भुरळ घातली ती बंगाल तोफखान्यातल्या प्रोबी कॉटलीने. गंमत म्हणजे त्याच्या तोफांबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही. १८१९ साली नेमणूक, १८२५-२६ साली भरतपूरचा वेढा, आणि संपली लढाई. पुढचं आयुष्य कालव्यांत गेलं. फावल्या वेळात शिवालिकच्या टेकड्यांत डॉ. ह्यू फाल्कनरबरोबर त्याने जीवाश्म उकरले. जिराफाच्या कुळातल्या एका अगडबंब प्राण्याला दोघांनी ‘शिवथेरियम’ असं नाव दिलं. १८३७ साली दोघांना भूविज्ञानातलं वोलॅस्टन पदक मिळालं.

१८३७-३८ च्या दुष्काळात गंगा-यमुनेमधला दुआब होरपळला आणि गंगेचा कालवा काढायचं ठरलं. १८४२ साली खोदाई सुरू झाली, पण गव्हर्नर जनरल एलेनबरोने हात आखडता घेतल्यामुळे काम रेंगाळलं. हरिद्वारचे पंडे खवळले, कारण बांध घातला की गंगा बांधली जाणार! कॉटलीने बांधात वाहत्या धारेसाठी वाट ठेवली, घाट दुरुस्त केले आणि कामाच्या आरंभी गणेशपूजनही केलं. हा मला निव्वळ धूर्तपणा वाटत नाही.

रुडकीजवळ सोलानी नदी आडवी आली. तिच्यावरून अख्खा कालवा न्यायला पन्नास-पन्नास फुटी पंधरा कमानी उभ्या राहिल्या. बोरीबंदर-ठाणे गाडीचा आपल्याला कोण अभिमान, पण त्याआधीच, १८५१ च्या डिसेंबरात, इथे माती वाहायला वाफेचं इंजिन धावलं होतं. ८ एप्रिल १८५४ रोजी कालव्यात पाणी सोडलं.

खरी मौज पुढे आहे. गोदावरीवर धवळेश्वरमचा बंधारा बांधणारा आर्थर कॉटन १८६३ साली एका खासगी कंपनीसाठी हा कालवा पाहून गेला आणि त्याने सगळं काम मोडीत काढलं. कालव्याचं तोंडच चुकीच्या जागी आहे, ते डोंगराच्या पायथ्याशी नको, खाली हवं. उतार जास्त आहे. नावा चालत नाहीत. लंडनमध्ये कॉटलीने छापील पुस्तिकांतून उत्तरं दिली. त्या वाचताना दोघांचाही तोल सुटलेला जाणवतो.

उताराबाबत कॉटनचंच खरं होतं. दुआबची जमीन कालव्याला मानवेल त्यापेक्षा जास्त उतरती. म्हणून ठिकठिकाणी बांधीव पायऱ्या घालून पाणी खाली उतरवायचं आणि मधल्या पात्राचा उतार मंद ठेवायचा. तो पुरेसा मंद राहिला नाही. पाणी वेगाने धावलं, तळ खरवडला गेला, पायऱ्यांच्या पायथ्याला खड्डे पडू लागले. पुढे दुरुस्तीवर बराच खर्च झाला. कालव्याचं तोंड मात्र कॉटलीने ठरवलं तिथेच राहिलं. निकाल द्यायचाच तर मी हिशेबात कॉटनच्या आणि जागेच्या निवडीत कॉटलीच्या बाजूने आहे.

कॉटली १८७१ साली वारला. कालवा अजून वाहतो. फक्त दसरा-दिवाळीच्या सुमारास साफसफाईसाठी तो बंद ठेवतात आणि हर की पौडीवरचं पाणी ओसरतं. या सुट्टीत हरिद्वारला निघाला असाल, तर कालवा कधी सुरू होतोय ते आधी विचारून घ्या.