कैरो ते केपटाउन: गाडीआधी कागद

गाडीने आफ्रिका उभी पार करायची म्हटली की बोलणं लगेच टायर, विंच, छतावरचा तंबू आणि डिझेलच्या जादा कॅनवर येतं. ‘खरी अडचण रस्त्याची’ हा गैरसमज त्यामागे आहे. कैरो–केपटाउन हा सुमारे दहा हजार किलोमीटरचा मार्ग आज बहुतांशी डांबरी आहे. उत्तर केनियातला मर्साबित–मोयाले हा एकेकाळचा बदनाम टप्पाही गेल्या दशकात पक्का झाला. २०२१ मध्ये कझुंगुलाला झांबेझीवर ९२३ मीटर लांबीचा पूल खुला झाला आणि झांबिया–बोत्सवाना सीमेवरचा फेरीबोटीचा खोळंबा संपला. पूर्व आफ्रिकेत मार्च ते मे या मोठ्या पावसात आडवाटेला शिरणाऱ्याला फोर-बाय-फोर लागेलच. मुख्य रस्त्याने जाणाऱ्याची गाडी मात्र चिखलापेक्षा कस्टमच्या खिडकीशी अडण्याची शक्यता जास्त.

कारण व्हिसा माणसाला मिळतो, गाडीला नाही. कस्टमच्या लेखी परदेशी गाडी म्हणजे आयात केलेला माल. ती परत बाहेर जाणार याची हमी नसेल तर तिच्यावर शुल्क लागतं. ही हमी म्हणजे कार्नेट. भारतात ते वाहनधारकांच्या संघटना देतात. मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन. त्याची मुदत साधारण वर्षभर असते आणि त्यासाठी गाडीच्या किमतीनुसार व मार्गातल्या देशांनुसार बँक हमी किंवा अनामत द्यावी लागते. एका देशासाठी एक पान: प्रवेशाला एक शिक्का, बाहेर पडताना दुसरा. रात्री उशिरा सीमा ओलांडण्याच्या घाईत हा दुसरा शिक्का राहिला, तर कागदोपत्री गाडी त्या देशातच राहते आणि शुल्काची मागणी थेट त्या हमीवर येते. गाडी वाटेत विकून विमानाने परतू, हा बेतही त्यामुळे वाटतो तितका सोपा नाही.

यावर आक्षेप येईल की कार्नेट सगळीकडे लागत नाही. खरं आहे; काही देश सीमेवरच तात्पुरता आयात परवाना देतात. पण इजिप्त कार्नेटशिवाय सहसा घेत नाही, आणि मार्गातल्या एका देशाला ते लागलं तरी निघण्याआधीच काढावं लागतं. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना जवळ असला की विमाही आला, ही समजूत तर निखालस चुकीची. परवाना फक्त चालकाचा. भारतीय मोटार विमा आफ्रिकेत चालत नाही. केनिया, झांबिया, झिम्बाब्वे अशा देशांत कोमेसा या पूर्व व दक्षिण आफ्रिकी देशांच्या सामायिक बाजारपेठेचं पिवळं कार्ड तृतीय पक्षाची जबाबदारी उचलतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: एप्रिल २०२३ पासून मार्गावरच्या सुदानमध्ये युद्ध आहे, मग कागद जुळवून उपयोग काय? नेमका इथेच उपयोग आहे: कागद तयार असले की मार्ग बदलता येतो. नकाशावरची सरळ रेघ धरून बसण्यापेक्षा गाडी जहाजाने मोंबासाला उतरवून दक्षिणेकडे निघावं. केनियापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत वाहतूक डावीकडून चालते, म्हणजे भारतीय गाडीचं स्टिअरिंगही योग्य बाजूला राहतं. तसंच बोत्सवाना, नामिबिया आणि दक्षिण आफ्रिका एकाच सीमाशुल्क संघात असल्याने कार्नेटची पानंही वाचतात. पीतज्वराची लस मात्र प्रस्थानाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी; केनियातून परतणाऱ्याकडे वैध प्रमाणपत्र नसेल, तर भारतीय विमानतळावर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.