होडीतून गळ टाकताना काठी कोणती घ्यावी?

काठावरून गळ टाकायला लांब बांबू चालतो. पण धरणाच्या फुगवट्यात लहान, अरुंद होडीत बसलात, की तोच बांबू आवरत नाही. सावरायला उभे राहाल, तर होडी कलंडलीच म्हणून समजा.

होडीसाठी साधारण ७ फुटांची काठी घ्यावी. फार आखूडही नको. मोठा कटला होडीखालून पलीकडे पळाला, तर बसल्या जागेवरून काठीचा शेंडा होडीच्या नाळेपुढून फिरवता आला पाहिजे. नाहीतर तंगूस तळाला घासून तुटतो.

मूठ आखूड असावी. लांब मूठ कोपराला अडकते. शेंडा लवचिक, बुंधा भक्कम पाहावा. फायबरग्लासची काठी जरा जड, पण धक्के सोसते. कार्बनची काठी हलकी, पण तिच्यातून वीज वाहते. विजेच्या तारांखाली ती उभी धरू नका. आभाळ गडगडू लागले, की कोणतीही काठी असो, सरळ काठ गाठा.

काठी दोरीने होडीला बांधा, स्वतःच्या अंगाला कधीच नाही. तलाव ठेक्याने दिलेला असेल, तर आधी परवानगी घ्या. आणि पोहता येत असले, तरी तरंगते जाकीट घातल्याशिवाय होडीत पाय ठेवू नका. काठी गेली तर दुसरी मिळेल!