सायकलच्या ब्रेकमधली हवा घरच्या घरी

मैत्रिणींनो, आपल्या लहानपणीच्या सायकलीचा ब्रेक सरळ डोळ्यांना दिसायचा. दांडी दाबली की सळई ओढली जायची, रबरी गट्टू रिमला घासायचे, आणि ते झिजले की कोपऱ्यावरचा सायकलवाला पाच मिनिटांत नवे घालून द्यायचा. हल्लीच्या महागड्या सायकलींना मात्र चाकाच्या मधोमध पोलादी तबकडी असते आणि ब्रेकच्या मुठीपासून तिच्यापर्यंत एक काळी नळी गेलेली असते. या नळीत तार नसते, तेल असतं. ह्यांनी नवी सायकल घेतली तेव्हा त्यांची जुनी, अशा ब्रेकांची सायकल माझ्याकडे आली. शाळेत जाताना वाटेत चांगला उतार आहे. तिथे एके दिवशी मूठ दाबली तर ती लोण्यासारखी आत गेली, पार हँडलला टेकली. दुकानात विचारलं तर दोन्ही ब्रेकांचे साडेआठशे रुपये सांगितले, शिवाय सायकल आठवडाभर ठेवून जा म्हणाले. तेव्हा म्हटलं, बघू तरी हे प्रकरण आहे काय!

प्रकरण नववीच्या विज्ञानातलं आहे. तेल दाबून दबत नाही. मुठीशी जोर लावला की तो जसाच्या तसा खाली चाकापाशी पोचतो. हवा मात्र दबते. नळीत हवेचे बुडबुडे शिरले की तुमचा सगळा जोर ते बुडबुडे चेपण्यातच खर्च होतो आणि तबकडी काही धरली जात नाही. सलाईन लावताना नर्सबाई नळीतली हवा आधी काढून टाकते ना? कारण वेगळं असलं, तरी हातांची रीत पुष्कळशी तीच.

पण थांबा, आधी खर्च टाळता येतो का ते पाहा. मुलांच्या पुष्कळ सायकलींना तबकडी असली तरी आत साधी तारच असते. तिथे तेलाचा संबंधच नाही, तार ताणून घेतली की झालं. दुसरं म्हणजे पॅड पाहा. पॅडवरचा घासायचा थर नखाएवढा पातळ उरला असेल तरीही मूठ जास्त आत जाते. अशा वेळी पॅड बदलायचे, तेलाला हात लावायचा नाही. आणि कॅलिपरभोवती किंवा मुठीपाशी तेल पाझरताना दिसलं तर आतलं रबर गेलेलं आहे. ते काम आपलं नव्हे, सायकल ढकलत दुकानात न्यावी.

आता तेलाचं. सगळ्यांत महत्त्वाचं हेच आहे, तेव्हा नीट वाचा बरं का. ही तेलं दोन जातींची असतात. शिमानो, टेक्ट्रो, मागुरा यांच्या ब्रेकांत मिनरल ऑइल लागतं. स्रॅमच्या बऱ्याचशा ब्रेकांत मोटारीसारखं डॉट तेल लागतं, पण त्यांच्या अलीकडच्या काही ब्रेकांत मिनरल ऑइलही असतं. म्हणून नावावर जाऊ नका. मुठीवरच्या झाकणावर किंवा सोबतच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते वाचा. एकात दुसरं घातलं की आतली रबरं फुगतात, ब्रेक कायमचा जातो. घरातलं शिवणयंत्राचं, खोबऱ्याचं, बेबी ऑइल तर मुळीच नको! डॉट 4 मोटारीच्या सामानाच्या दुकानात स्वस्त मिळतं आणि ते चालतं. डॉट 5 मात्र चालत नाही, ते सिलिकोनचं असतं. डॉट तेल हवेतली ओल पितं, म्हणून गेल्या वर्षी फोडलेला डबा वापरू नये. ते रंग खातं, तेव्हा सांडलं तर लगेच पाण्याने धुवा आणि हातमोजे घाला. मिनरल ऑइलची छोटी बाटली घ्यावी. एका ब्रेकला थोडंच लागतं. चौघींनी मिळून एक बाटली आणली तरी पुरते.

बचत करायची ती साधनांत. औषधाच्या दुकानातून मोठी सिरिंज आणा, सुई नको. माशांच्या टाकीची पारदर्शक बारीक नळी तिला घट्ट बसते. मुठीवर बसणारी आट्यांची वाटी तेवढी विकत घ्यावी लागते. शिमानोच्या बहुतेक ब्रेकांना वर अडीच मिलिमीटरची ॲलन की आणि खाली सात मिलिमीटरचा पाना लागतो. पुढची रीत या ब्रेकांची आहे. इतरांची थोडी वेगळी असते.

चाक काढा, पॅडही काढून दुसऱ्या खोलीत ठेवा. खरंच दुसऱ्या खोलीत, कारण तेलाचा एक थेंब लागला तरी पॅड फुकट जातात. पिस्टन प्लॅस्टिकच्या पट्टीने हळूच मागे ढकला आणि मधे बरोबर बसणारा प्लॅस्टिकचा ठोकळा घाला. ही पायरी गाळून वरपर्यंत तेल भरलं, तर पुढे नवे जाड पॅड बसतच नाहीत. सायकल उभीच ठेवा. मूठ आडवी सपाट करून वरचा स्क्रू काढा, वाटी लावा, तळाशी थोडं तेल ओता. सिरिंजमध्ये तेल भरून तिच्यातली हवा घालवा, नळी खालच्या निपलला लावा, पाना किंचितच फिरवा आणि तेल सावकाश वर चढवा. वाटीत बुडबुडे येताना दिसतात. नळीवर बोटाने टिचक्या मारत राहा. बुडबुडे थांबले की निपल बंद करा, मग मूठ हळूहळू दाबा-सोडा. दडून बसलेले आणखी काही वर येतील. इथे घाई करू नका, चहा गार झाला तरी चालेल. मूठ टणक लागली की वाटी तिच्या दट्ट्याने बंद करून काढा आणि तोंडापर्यंत तेल असतानाच स्क्रू लावा. तो हलक्या हाताने लावा, आटे नाजूक असतात.

मग सगळं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, तबकडीसाठी फडकं कोरं घ्या. हात साबणाने धुऊन पॅड आणि चाक बसवा. मूठ दहाबारा वेळा दाबा, म्हणजे पॅड तबकडीजवळ येतात. नंतर मिनिटभर घट्ट दाबून धरा. मूठ खचता कामा नये आणि निपलपाशी ओल दिसता कामा नये. आधी अंगणात सायकल ढकलून ब्रेक लावून पाहा, मग चालण्याच्या वेगाने बसून. मूठ अजूनही खचत असेल तर पुन्हा एकदा हवा काढा. दुसऱ्यांदाही तेच झालं तर दुकान गाठा. तोवर उतारावर जायचं नाही, शाळेला उशीर होत असला तरी नाही, आणि मुलांनाही ती सायकल द्यायची नाही.

निघालेलं काळपट तेल मोरीत ओतू नका. बाटलीत भरून, चिठ्ठी लावून मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. ओळखीच्या गॅरेजवाल्याच्या जुन्या तेलाच्या पिंपात ते जातं.