घामाचे डाग : कारणे व उपाय

पुण्यास एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो आणि पांढरा सदरा काखेत पिवळा पडू लागतो. तो पाहून कोणी मुलास गलिच्छ म्हणतो, कोणी परटास दोष देतो, आणि अखेर धडधाकट सदरा बोहारणीकडे जातो. वास्तविक येथे दोष कोणाचाच नसतो. हा डाग केवळ मळ नव्हे. तो कापडावर चढलेला एक प्रकारचा रंगच होय. म्हणून नुसत्या घासण्याने तो जात नाही.

घामात बहुतांशी पाणीच असते. त्यात मीठ व किंचित युरिया असतो. वयात येताना काखेतील निराळ्या ग्रंथी काम करू लागतात. त्यांच्या स्रावात स्निग्ध पदार्थ व प्रथिनेही असतात. ताज्या घामास वास जवळजवळ नसतो. त्वचेवरील सूक्ष्म जंतू हे पदार्थ खाऊ लागले म्हणजे तो उत्पन्न होतो. ह्यावर काखेत तुरटी फिरविण्याची चाल आपल्याकडे आहेच. अमेरिकेत १८८८ साली ‘मम’ हे दुर्गंधनाशक निघाले. १९०३ साली आलेल्या ‘एव्हरड्राय’मध्ये ॲल्युमिनियमचा क्षार होता. आजच्या घाम रोखणाऱ्या डिओडरंटांतही त्याच जातीचे क्षार असतात, आणि तुरटी हीदेखील ॲल्युमिनियमचीच.

आता रंगाऱ्याची रीत पाहा. मंजिष्ठेचा रंग सुतावर पक्का बसावा म्हणून तो कापड आधी तुरटीच्या पाण्यात भिजवितो. तुरटी रंगास धाग्याशी बांधून ठेवते. काखेतही काहीसे तसेच घडते. ॲल्युमिनियमचा क्षार घामातील द्रव्यांशी संयोग पावतो, धाग्यात रुततो व पिवळा पडतो. वर कडकडीत पाणी वा तापलेली इस्त्री लागली, की डाग पक्का झालाच. क्लोरीनयुक्त ब्लीचनेही प्रथिनांचे डाग पुष्कळदा अधिकच पिवळे होतात व सूत मात्र विरते.

तेव्हा आधी बंध सोडवावा, मग धुवावे. पांढऱ्या सुती सदऱ्यासाठी पुढील क्रम ठेवावा. सदरा उलटा करून थंड पाण्यातून काढावा. एक वाटी पांढरे व्हिनेगर दोन वाट्या थंड पाण्यात मिसळून डागाचा भाग अर्धा तास भिजवावा. नंतर तो स्वच्छ पाण्याने पुरता खळबळावा. मग खाण्याच्या सोड्यात थोडे पाणी व औषधांच्या दुकानात मिळणारे ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड घालून लेप करावा, डागावर तासभर ठेवावा, मऊ ब्रशाने हलकेच घासावे व नेहमीप्रमाणे धुवावे. डाग उरल्यास पुन्हा हाच क्रम करावा. तो जाईपर्यंत इस्त्री करू नये.

व्हिनेगर व सोडा एकत्र कालवू नयेत. फेस पुष्कळ येतो, पण दोघांचाही गुण नाहीसा होतो. व्हिनेगर व ब्लीच तर कधीच एकत्र करू नयेत. त्यांतून विषारी क्लोरीन वायू निघतो. रंगीत कापडास पेरॉक्साइड लावू नये, व व्हिनेगरही आधी आतल्या शिवणीवर लावून पाहावे. रेशीम व लोकर यांस सोडा मानवत नाही. ती जाणत्या धोब्याकडे द्यावीत. गडद कपड्यांवर उमटणारे पांढरे पट्टे मात्र निराळे. ते वरवरचे असून कोरड्या मऊ कापडाने बहुधा पुसले जातात.

पाण्याचाही गुण पाहावा. खडकवासल्याच्या पाण्यात साबणास फेस चांगला येतो. बोअरच्या दुष्फेन पाण्यात साबणाचा साका होऊन धाग्यात अडकतो व कापड मळकट दिसते. अशा ठिकाणी साबणाऐवजी धुण्याची पावडर वापरावी.

तथापि डाग काढण्याहून तो न पडू देणे सोपे. डिओडरंट थोडेच लावावे व ते पुरते वाळल्यावर सदरा घालावा. शाळेतून येताच सदरा काढून थंड पाण्यात बुडवावा; आठवडाभर टोपलीत पडलेला घाम मुरत जातो. हे काम आईवर न टाकता ज्याने त्याने आपले आपण करावे. त्यास पाच मिनिटेही लागत नाहीत. पालकांसही विनंती, की पिवळ्या काखेवरून मुलास हिणवू नये. घाम हा वाढत्या वयाचा धर्म आहे. त्याची लाज नको, व्यवस्था हवी. सदरा नीट राखला, तर तो धाकट्या भावंडाच्याही अंगी लागेल.