घाट चढून येणारे मीठ

अरबी समुद्रावर लाट फुटते तेव्हा हवेचे असंख्य बुडबुडे पाण्यात कोंडतात. ते वर येऊन फुटले, की त्यांचा पातळ पापुद्रा विस्कटतो, मधून थेंबांची चिळकांडी उसळते आणि खारे तुषार वाऱ्यावर चढतात. जड थेंब लगेच खाली पडतात. मायक्रोमीटरभर आकाराचे कण मात्र दिवसचे दिवस तरंगू शकतात. पुण्याजवळची निगडी आणि किनाऱ्यावरचे अलिबाग जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. मध्ये सरळ रेषेत सुमारे 95 किलोमीटर अंतर आणि सह्याद्री. पावसाळी वारा ही वाट काही तासांत कापतो. घाटातल्या पावसात बरेचसे मीठ धुऊन निघते, तरी पुण्याच्या पावसाच्या पाण्यात समुद्राचे सोडियम आणि क्लोराइड सापडतातच.

मात्र वाटेत या मिठाची घडण बदलते. समुद्राच्या पाण्यात क्लोराइडचे वजन सोडियमच्या सुमारे 1.8 पट असते. हवेतल्या समुद्री कणांत हे प्रमाण त्याहून कमी भरले, तर क्लोरीन निसटला असे समजतात. तो निसटतो आम्लामुळे. वाहने आणि भट्ट्यांच्या धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडांपासून दिवसा नायट्रिक आम्ल बनते. ते मिठाच्या कणात शिरले, की सोडियम नायट्रेट मागे राहते आणि हायड्रोक्लोरिक आम्ल वायुरूपाने बाहेर पडते. गंधकाच्या धुरातून बनणारे सल्फ्युरिक आम्लही हेच करते. सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांवर गेली, की मिठाचा कोरडा स्फटिक पाणी ओढून थेंब होतो. या ओल्या थेंबात अभिक्रिया जोमाने चालते. पुण्याच्या हवेत या आम्लाला आणखी एक गिऱ्हाईक आहे: चुनखडीयुक्त धूळ. तिच्यातल्या कॅल्शियममुळेच इथला पाऊस सहसा आम्लधर्मी होत नाही.

रात्रीची अभिक्रिया अधिक विलक्षण आहे. अंधारात डायनायट्रोजन पेंटॉक्साइड तयार होते आणि मिठाच्या कणावर त्यापासून नायट्रिल क्लोराइड वायू सुटतो. 1989 साली फिनलेसन-पिट्स आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत हे दाखवले. उघड्या हवेत तो वायू 2006 मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्याजवळ मोजला गेला. सूर्य उगवताच तो फुटतो आणि क्लोरीनचे सुटे अणू मोकळे होतात. नेहमी हवा साफ करणाऱ्या हायड्रॉक्सिल मूलकापेक्षा हे अणू मिथेनशी पंधरा-सोळा पट वेगाने भिडतात. इतर हायड्रोकार्बनांवरही ते तुटून पडतात आणि ओझोन वाढायला वाव मिळतो. म्हणजे समुद्राचे निरुपद्रवी मीठ शहरी धुराच्या संगतीत सकाळच्या धुरक्याला हातभार लावू शकते.

मिठाचा दुसरा परिणाम म्हणजे गंज. पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या वाहन उद्योगात तो तपासणारी ‘सॉल्ट स्प्रे टेस्ट’ सगळ्यांच्या तोंडी असते: 35 अंश सेल्सिअसच्या पेटीत 5 टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा आणि त्यात टांगलेले सुटे भाग. लेपाचा कच्चेपणा पकडायला ती चोख आहे. पण तिच्यातले मीठ ताजे असते. नायट्रेट-सल्फेट मुरलेल्या हवेत तो भाग किती वर्षे टिकेल, हे तिच्या तासांवरून सांगणे धाडसाचे आहे.

हिवाळ्यात वारा उलटतो. जमिनीवरचा धूर समुद्राकडे जातो. 1999 च्या जानेवारी ते मार्चमध्ये ‘इंडोएक्स’ मोहिमेत तो हिंदी महासागरावर दूरवर पसरलेला आढळला. त्या काळात आम्ल आणि मीठ यांची गाठ घाटमाथ्यावर नव्हे, लाटांवरच पडते.