शेजारची खाट

प्रवेशाच्या दिवसांत कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोडोली-वारणानगरच्या रस्त्यावर वळकट्या दिसू लागतात. दोरीनं आवळलेली गादी, नवी कोरी बादली, तिच्यात मग नि साबणाची डबी, आणि पोराच्या मागून गुमान चालणारे वडील. तात्यासाहेब कोरे यांनी सहकारातून उभं केलेलं वारणानगर आमच्या कोडोलीला खेटूनच आहे. १९६४ साली तिथं महाविद्यालय आलं, १९८३ साली अभियांत्रिकीचं. तेव्हापासून दर पावसाळ्यात ही वळकट्यांची वर्दळ असते.

पहिल्या वर्षाच्या पोराला सगळ्यात जास्त काय घडवतं, असं मला कुणी विचारलं तर मी शेजारची खाट म्हणेन. वर्गात तो पाच-सहा तास असतो. उरलेला दिवस आणि सगळी रात्र तो कुणाच्या तरी शेजारी असतो. पण ती खाट कुणाची असावी, याचा विचार आपल्याकडे बहुतेक ठिकाणी होत नाही; यादीत नाव ज्या क्रमानं आलं, त्या क्रमानं खाट मिळते. नवीन मुलांना शक्यतो वेगळ्या इमारतीत ठेवावं, असं विद्यापीठ अनुदान आयोगाचा २००९ चा नियम सांगतो. तो रॅगिंग रोखण्यासाठी आहे, आणि हवाच. पण त्या वेगळ्या इमारतीत मुलांनी मिळून करायचं काय?

कुणी कुणाशेजारी राहावं, या प्रश्नाला कोल्हापुरानं सव्वाशे वर्षांपूर्वी हात घातला होता. गावाकडची हुशार पोरं शिकत नव्हती, कारण शहरात राहायला जागा नव्हती आणि जेवायला पंगत नव्हती. शाहू महाराजांनी १८९६ मध्ये सर्व जातींसाठी एक वसतिगृह काढून पाहिलं. दार सगळ्यांना उघडं होतं, पण हळूहळू आत उरली ती एकाच वर्गाची मुलं. ज्यांच्या घरी शिक्षण आधीच होतं, ती तिथं सहज रुळली. बाकीची बिचकून मागं फिरली. या अनुभवानं महाराजांनी वाट बदलली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग, मग मुस्लिम बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. दसरा चौकात उभं राहिलं की यांतल्या काही इमारती आजही हाकेच्या अंतरावर आहेत. कोल्हापुराला वसतिगृहांची जननी म्हणतात, ते यामुळेच. जुनी माणसं अजून ‘हॉस्टेल’ म्हणत नाहीत, ‘मी बोर्डिंगात होतो’ असंच सांगतात, आणि सांगताना ताठ बसतात.

जातवार बोर्डिंगं काढून महाराजांनी जात पक्की केली, अशी टीका तेव्हाही झाली, आजही होते. मला ती अर्धीच पटते. पहिल्यांदाच घर सोडलेल्या पोराला ओळखीची बोली, ओळखीचं कालवण आणि आपला वाटणारा रेक्टर मिळाला, म्हणून तो टिकला. जे दार नुसतं उघडं ठेवून झालं नाही, ते हात धरून आत नेल्यावर झालं. उरलेली अर्धी टीका मात्र खरी आहे, आणि ती खरी असल्याचं सगळ्यात आधी त्याच बोर्डिंगातल्या एका मुलाला कळलं.

तो मुलगा म्हणजे कुंभोजचा भाऊराव पाटील, पुढचे कर्मवीर. कुंभोज आमच्या हमरस्त्यापलीकडचंच गाव. भाऊराव जैन बोर्डिंगात राहून राजाराम हायस्कुलात शिकत होते. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर, विटाळ झाला म्हणून आंघोळ करून मगच पंगतीला बसा, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंग सुटलं. त्यांच्या चरित्रांत येणारी ही हकिगत मला कर्मवीरांच्या सगळ्या कार्याचा उगम वाटते. ज्या घरानं त्यांना आसरा दिला, त्याच घराची भिंत त्यांना टोचली.

मग त्यांनी दूधगावात विद्यार्थी आश्रम काढायला सोबत्यांना हात दिला. दूधगाव वारणाकाठीच आहे; आमच्या शिवारावरून जाणारं पाणीच पुढं तिकडं जातं. तिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत. १९१९ मध्ये काले इथं रयत शिक्षण संस्था स्थापन झाली, १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू झालं. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींच्या हस्ते त्याचं ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असं नामकरण झालं. महाराजांपेक्षा वेगळी वाट धरली, तरी नाव मात्र महाराजांचंच दिलं. इथं मुलांना बांधणारा धागा जात नव्हता, श्रम होता. शेतात राबायचं, भाकरी थापायच्या, भिंती बांधायच्या, आणि जे पिकेल, शिजेल, ते एका पंगतीत खायचं. कोठार रिकामं झालं तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. ज्याच्याबरोबर विहिरीवर मोट धरली, त्याच्या हातचं पाणी नाकारणं अवघड असतं. कर्मवीरांनी समतेचं व्याख्यान कमी दिलं असेल, पण काम वाटून दिलं.

योगायोग असा, की त्याच १९२७ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात अलेक्झांडर मायकलजॉन यांनी ‘एक्स्पेरिमेंटल कॉलेज’ सुरू केलं. नव्यानं आलेली मुलं एकाच वसतिगृहात राहत आणि वर्षभर सगळे मिळून एकच विषय अभ्यासत : प्राचीन अथेन्स. शिक्षकांच्या खोल्याही त्याच इमारतीत होत्या. १९३२ मध्ये ते बंद पडलं, पण पहिल्या वर्षाच्या मुलांना एका विषयाभोवती एकत्र ठेवण्याची कल्पना तिकडच्या विद्यापीठांत पुढं रुजली. कुठं पर्यावरणाचा मजला, कुठं संगीताचा, कुठं एखाद्या भाषेचा. त्यांच्याकडे मुलांना जोडत होतं पुस्तक, आपल्याकडे खोरं आणि तवा. मला आपला धागा जास्त चिवट वाटतो, कारण पुस्तकात मागं पडलेला पोरगाही तव्यापाशी पुढं असू शकतो.

आता कोडोलीकडे परत येतो. इथल्या खोल्यांत आज डोंगराकडच्या पन्हाळा-शाहूवाडीची पोरं, शिराळ्याची, कोकणातली, मराठवाड्यातली पोरं एकत्र येतात. कायद्यानं भिंती पडल्या, पण मनानं पोरं आपापल्या तालुक्याची टोळी करून राहतात. मुलींच्या वसतिगृहांतही वेगळं नाही. त्यांना एकत्र आणायला भाषण पुरणार नाही. एक काम हवं. आणि काम तर खिडकीबाहेरच वाहतंय. वारणा चांदोलीच्या धरणातून येते, उसाला पाणी पाजते, कारखान्याला नि दूध संघाला जगवते, महापुरात पिकांवर चढते आणि पुढं कृष्णेला मिळते. पहिल्या वर्षाच्या तीस मुलांचा एक मजला असा असावा, ज्यानं वर्षभर ही एकच नदी धरावी. अभियांत्रिकीच्या मुलानं पाणी मोजावं, औषधनिर्माणशास्त्राच्या मुलानं ते तपासावं, कलाशाखेच्या पोरानं काठावरच्या म्हाताऱ्यांकडून जुन्या पुरांच्या खुणा लिहून घ्याव्यात. दर रविवारी त्यांच्यातल्याच सहा जणांनी मेसचं स्वयंपाकघर हातात घ्यावं. खाटा लावताना एकाच गल्लीतली दोन पोरं शेजारी येणार नाहीत, एवढं रेक्टरनं पाहावं.

याला नवी इमारत लागत नाही. यादी करताना तासभर जास्त बसावं लागेल आणि नदीवर जायला एक वडाप ठरवावं लागेल. यंदाच्या वळकट्या अजून सुटलेल्या नाहीत.